निफाडला दव गोठतं, मग आइस वाइन का नाही?

गेल्या अंकात मी ओघात लिहिलं होतं, की इथे कॅनडात, नायगरा भागात आम्ही वेलीवरच गोठलेली द्राक्षं डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तोडतो आणि त्यांची गोड वाइन करतो. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली, की या वेळचं सगळं सदर त्यांनाच देते. भुरीचे आणि छाटणीचे प्रश्न पाठवणाऱ्यांनी महिनाभर थांबावं.

ताई, निफाड तालुक्यात आमची थॉमसन द्राक्षांची बाग आहे. थंडीत पहाटे पानांवरचं दव गोठतं, पेपरात फोटो छापून येतात आणि आम्ही बागेत शेकोट्या पेटवून बसतो. कॅनडावाले त्याच थंडीचे पैसे करतात म्हणता. मग आपल्याकडे का होऊ नये? थंडी कमी पडत असेल तर कोल्ड स्टोरेज गावोगाव आहेत. त्यात माल गोठवून वाइन केली तर?
— एक बागायतदार, निफाड तालुका

दादा, माझं माहेर दिंडोरीचं. तुमच्या शेकोटीचा धूर मीही खाल्लाय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दव गोठलं म्हणजे हवाही शून्याखाली गेली, असं नसतं. निरभ्र रात्री पान आभाळाकडे उष्णता टाकत राहतं आणि भोवतीच्या हवेपेक्षा गार होतं. त्यामुळे हवेचा पारा दोन-चार अंशांवर असला तरी पानावर बर्फाचा पापुद्रा दिसतो. घडातला मणी मात्र तसाच असतो. त्यात साखर आहे, आम्ल आहे, म्हणून त्यातला रस शून्यालाही गोठत नाही. कॅनडातला नियम असा, की आइस वाइनची द्राक्षं तोडताना तापमान उणे ८ किंवा त्याहून खाली हवं. जर्मनीत उणे ७. तुमची निफाडची थंडी महाराष्ट्रात कितीही नावाजलेली असो, या आकड्यापासून ती फार लांब आहे.

आणि देव करो, ती लांबच राहो. कारण उणे ८ उद्या निफाडला आलंच, तर वाइनचं सोडा, बागच जळेल. इथली वेल ऑक्टोबर-नोव्हेंबरात पानं गाळून झोपी जाते. काडी पिकून लाकूड झालेली असते आणि ती उणे १५ सहज सोसते. आपली वेल झोपतच नाही. म्हणून तर आपण एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी करून तिच्याकडून वेळापत्रक पाळून घेतो. डिसेंबर-जानेवारीत, ऐन थंडीत, आपल्या वेलीवर हिरवीगार पानं असतात आणि मणी फुगवणीत असतो, फार तर पाणी उतरून मऊ पडायला लागलेला असतो. गोडी भरायची ती फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात. म्हणजे आपल्याकडे थंडी येते तेव्हा गोडी नसते आणि गोडी येते तेव्हा थंडी नसते. थंडीने आपल्या पदरात काय पडतं ते तुम्हाला मी काय सांगणार? फुगवण थांबते, मणी तडकतात, मणी गुलाबी पडून पिंक बेरी होते.

आता गोठवून नेमकं काय साधतं ते बघा. लहानपणी पाच-दहा पैशांची पेप्सी चोखली असेल. पहिल्या चार घोटांत सगळा रंग आणि गोडी तोंडात येते आणि पिशवीत पांढरा, बेचव बर्फ उरतो. आइस वाइनचं सगळं शास्त्र तेवढंच. मण्यातलं पाणी आधी गोठतं. साखर, आम्ल आणि वास उरलेल्या थोड्याशा पाकात गोळा होतात. गोठलेल्या अवस्थेतच मणी दाबला, की पाक बाहेर येतो आणि बर्फ आतच राहतो. वितळू दिलात तर पाणी पुन्हा रसात मिसळलं, मेहनत फुकट.

म्हणून तोडणी रात्री. हवामान खात्याचा अंदाज बघून निरोप येतो, दोन-तीनला सगळे जमतात, डोक्याला बॅटऱ्या. पक्ष्यांसाठी लावलेली जाळी वर गुंडाळायची आणि घड तोडायचे. हातमोजे इतके जाड, की कात्रीपेक्षा हाताने मोडणं सोपं जातं. घड क्रेटमध्ये पडला की खडखड आवाज येतो. तिथून माल थेट प्रेसवर. प्रेसही उघड्यावर किंवा बिनतापवलेल्या शेडमध्ये, कारण आत नेला तर वितळेल. दाब चढवत जातो आणि बराच वेळ काहीच होत नाही. मग एक धार सुटते. धार कसली, दाट, सोनेरी, संथ ओघळ. त्याचं ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं प्रमाण, रिफ्रॅक्टोमीटरवर बघत राहायचं. सुरुवातीला ते चाळिशीच्या खूप वर असतं, मग हळूहळू उतरतं. कॅनडाच्या नियमाने सगळ्या रसाची सरासरी किमान ३५ यायला हवी. तुमचा एक्स्पोर्टचा माल किती ब्रिक्सला तोडता ते आठवून बघा, म्हणजे ३५ ची कल्पना येईल. दाबून झाल्यावर प्रेसमधून निघतो तो साली आणि बर्फाचा गठ्ठा. तो पहारीने फोडून काढावा लागतो. सूर्य वर आला आणि पारा उणे ७ वर गेला, की तोडणी बंद. उरलेले घड पुढच्या थंड रात्रीची वाट बघत वेलीवरच.

रस किती मिळतो? साध्या वाइनला मिळतो त्याच्या पाचवा-सहावा हिस्सा. त्याआधी तीन महिने घड वेलीवर लटकलेले असतात. त्या काळात पाऊस, कूज, गळ, आणि मुख्य म्हणजे पक्षी. स्टार्लिंग नावाचा पक्षी, आपल्या साळुंकीच्याच कुळातला, थव्याने उतरतो आणि सकाळभरात ओळीच्या ओळी साफ करतो. म्हणून सगळी बाग जाळीत. एवढं करूनही जानेवारीपर्यंत थंडी पडलीच नाही, तर माल वाया. लोक बाटलीची किंमत ऐकून डोळे मोठे करतात. बागायतदाराने मात्र करू नयेत. अवकाळीच्या तोंडावर माल वेलीवर ठेवायची छाती लागते, ती किंमत आहे.

कोल्ड स्टोरेजचं म्हणाल, तर द्राक्षाचं कोल्ड स्टोरेज शून्याच्या आसपास चालतं. त्यात मणी टिकतो, गोठत नाही. त्यासाठी फ्रोजन मटारवाल्यांकडे असतो तसला खोल गोठवणारा फ्रीजर हवा. तो मिळाला तर वाइन होईल, नक्की होईल. कॅलिफोर्नियात अशी वाइन विकलीही गेली आहे. पण ‘आइस वाइन’ हे नाव तिला कॅनडात, जर्मनीत, ऑस्ट्रियात लावता येत नाही, आणि मला विचाराल तर लावूही नये. कारण वेलीवरचे ते तीन महिने नुसते थांबण्यात जात नाहीत. मणी सुकतो, गोठतो, थोडा वितळतो, पुन्हा गोठतो. सुक्या जर्दाळूसारखा, मुरंब्यासारखा वास त्यातून येतो. फ्रीजर साखर गोळा करून देतो, तो वास देत नाही.

शिवाय थॉमसन. खायला गोड, पण आम्ल कमी आणि स्वतःचा वास जवळपास नाही. आइस वाइन ही साखरेपेक्षा आम्लावर उभी असते, हे इथे आल्याशिवाय मलाही पटलं नसतं. आम्ल नसेल तर ती नुसती काकवी. म्हणून जर्मनीत रीसलिंग आणि इथे विडाल या जाती. विडालची साल जाड, देठ चिवट, आणि आम्ल टिकून राहतं.

तुम्हाला खरंच गोड वाइनमध्ये पडायचं असेल, तर माझं म्हणणं असं, की उणे ८ च्या मागे लागू नका. पाणी काढायचंय ना? ते बर्फानेच काढलं पाहिजे असं कुठे आहे? उन्हाने, वाऱ्यानेही निघतं. इटलीत द्राक्षं चटयांवर, रॅकवर सुकवून गोड वाइन करायची रीत फार जुनी आहे, तिला पासितो म्हणतात. आणि रॅकवर द्राक्ष सुकवण्यात तासगावच्या माणसाला कोण शिकवणार? फक्त बेदाण्यासाठी डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटमध्ये बुडवतो तसं बुडवायचं नाही, पूर्ण बेदाणा होऊ द्यायचा नाही, अर्ध्यावर थांबायचं, आणि थॉमसनऐवजी शेनिन ब्लांसारखी वाइनची जात घ्यायची. शेनिन ब्लां उशिरा तोडून केलेली लेट हार्वेस्ट वाइन नाशिकमध्ये होतेच. वाइनरीशी आधी करार झाल्याशिवाय मात्र एक ओळसुद्धा बदलू नका. चार-साडेचार महिन्यांत विकला जाणारा खाण्याचा माल सोडून वाइनच्या जातीत गेलेल्यांचे हाल आपल्या जिल्ह्याने पाहिलेत.

नणंदेने टोरंटोहून एक उंच, सडपातळ बाटली आणलीय. ३७५ मिलीच आहे, आणि आम्ही घरात सहा जण. कशी प्यायची, कशाबरोबर? पाडव्याला श्रीखंडाबरोबर काढावी असं यजमानांचं मत. सासऱ्यांना मधुमेह आहे, पण ‘द्राक्षाचीच तर आहे’ असं ते म्हणताहेत.
— एक वाचक, पुणे

सहा जणांना ती पुरून उरेल. ही ग्लासभर प्यायची गोष्टच नाही, एकेकाला ५० मिली पुष्कळ. दोन-तीन तास फ्रीजमध्ये ठेवा, बर्फ घालू नका. इतक्या उपद्व्यापाने काढलेलं पाणी पुन्हा कशाला घालायचं? उघडल्यावर बूच लावून फ्रीजमध्ये आठवडाभर चांगली राहते.

श्रीखंडाबरोबर नको. यजमानांना माझा निरोप द्या. गोडाबरोबर गोड प्यायलं, की दोन्हींपैकी जे कमी गोड ते आंबट लागतं, आणि इथे मार वाइनच खाईल. हिला खारट, तिखट, स्निग्ध असं काहीतरी हवं. युरोपात निळ्या बुरशीच्या खारट चीजबरोबर पितात. तुमच्याकडे ते नसेल तर खारे काजू, मिरी लावलेलं पनीर, किंवा सरळ पुण्याची बाकरवडी. हसू नका. इथल्या माझ्या सहकाऱ्यांनी दिवाळीच्या डब्यातली बाकरवडी हिच्याबरोबर संपवली आहे. किंवा काहीच नको, जेवण झाल्यावर नुसती.

सासऱ्यांचं गणित सांगते. आइस वाइनच्या लिटरमध्ये २०० ग्रॅम किंवा त्याहून जास्त साखर उरलेली असते. म्हणजे ५० मिलीत १० ग्रॅम, चहाचे दोन-अडीच चमचे. वर दहा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. द्राक्षाची आहे हे खरं, पण बेदाणाही द्राक्षाचाच असतो. आणि मधुमेहाच्या काही औषधांवर अल्कोहोल वेगळीच गडबड करतं, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वास घेण्यापुरतीच द्या. वास खरंच सुंदर असतो.

ही वाइन चुकून सापडली असं वाचलं. खरं का? आणि जर्मनीची असताना कॅनडाचं नाव का झालं?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठी बिंगेन गाव आहे, त्याच्याजवळ ड्रोमर्सहाइम. १८२९ चं पीक तिथे इतकं टाकाऊ आलं, की शेतकऱ्यांनी घड काढलेच नाहीत. पुढे गुरांना घालायला होतील म्हणून ठेवले. फेब्रुवारी १८३० मध्ये त्या गोठलेल्या घडांतून गोड रस निघतो हे लक्षात आलं आणि त्यांनी तो दाबून घेतला. आइस वाइनची पहिली भरवशाची नोंद ती. याला चूक म्हणायचं की चारा वाचवायची शेतकऱ्याची काटकसर, तू ठरव.

जर्मनीत पुढे ती होत राहिली, पण अधूनमधून, जमेल त्या वर्षी. कॅनडात १९७० च्या दशकात वॉल्टर हाइनले या जर्मनीहून आलेल्या गृहस्थांनी ब्रिटिश कोलंबियातल्या ओकानागन खोऱ्यात ती केली. नायगराला इनिस्किलिन या वाइनरीचे कार्ल कायझर, मूळचे ऑस्ट्रियाचे, यांनी १९८३ मध्ये पहिल्यांदा घड राखले, ते पक्ष्यांनी खाल्ले. १९८४ मध्ये त्यांनी जाळ्या लावल्या. १९९१ मध्ये बोर्दोच्या व्हिनएक्स्पो प्रदर्शनात त्यांच्या १९८९ च्या विडाल आइस वाइनला सर्वोच्च सन्मान मिळाला आणि नाव झालं. गंमत म्हणजे त्यानंतरही युरोपीय संघाने कॅनडाच्या आइस वाइनला बाजार उघडला तो थेट २००१ मध्ये.

नायगराचं खरं भाग्य भूगोलात आहे. उन्हाळा द्राक्ष पिकण्याइतका उबदार, ओंटारिओ सरोवरामुळे हिवाळा वेल मरण्याइतका कडक नाही, पण उणे ८ ते उणे १२ च्या रात्री बहुतेक दर वर्षी येतात. दोन्ही एकाच ठिकाणी मिळणं दुर्मीळ. चीनमध्ये लिआओनिंग प्रांतातल्या हुआनरेनला असंच हवामान आहे, आणि तिथेही आता विडालच्या मोठ्या बागा आहेत.

पण बहुतेक दर वर्षी म्हणजे नेहमीच नव्हे. २०१९ च्या हंगामात जर्मनीच्या तेराही वाइन प्रदेशांत पुरेशी थंडी पडली नाही आणि एकाही ठिकाणी आइस वाइन झाली नाही. असं पहिल्यांदाच घडलं. इथेही तोडणीची तारीख पुढे सरकल्याच्या गप्पा प्रत्येक बागेत असतात. तुला प्रोजेक्टला विषय हवा असेल तर हा घे.

मी मिसिसागाला राहतो. मेमध्ये नाशिकला येताना सगळ्यांसाठी आइस वाइन न्यायची आहे. एका दुकानात ‘आइस्ड वाइन’ लिहिलेली बाटली निम्म्याहून कमी भावात दिसली. घेऊ का?
— एक वाचक, मिसिसागा

घेऊ नका, किंवा काय घेताय ते कळून घ्या. कॅनडात ‘आइसवाइन’ हा शब्द सलग लिहिलेला आणि जवळ ‘व्हीक्यूए’ ही, इथल्या दर्जाच्या खुणेची, अक्षरं असली, म्हणजे ती वेलीवर गोठलेल्या द्राक्षांची. ‘आइस्ड’, ‘विंटर’, ‘फ्रॉस्ट’ असले शब्द म्हणजे लेबलवाल्याची कविता. त्यातल्या काही प्यायला वाईट नसतात, पण नातेवाइकांना आइस वाइन म्हणून देऊ नका. खरी ३७५ मिलीची बाटली साधारण पन्नास डॉलरच्या आसपास जाते. २०० आणि ५० मिलीच्याही मिळतात. ‘सगळ्यांसाठी’ म्हटलंत म्हणून सांगते, नाशिकच्या सगळ्यांना ५० मिलीच्याच न्या.

भारतात शिरताना एका प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते. ३७५ च्या पाच बाटल्या त्यात बसतात. सगळ्या मोठ्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत मात्र विसरू नका.

घरच्या फ्रीजरमध्ये द्राक्षं गोठवून करता येईल का?
— एक वाचक, लातूर

नाही. एक तर परवान्याशिवाय घरी दारू करणं आपल्या राज्यात गुन्हा आहे. दुसरं, घरचा फ्रीजर उणे १८ ला असतो. त्यात मणी इतका कडक होतो, की तो दाबायला घरी काही साधन नाही.

पण सरबत करा. काळ्या द्राक्षांचा रस काढून गाळा, त्यात लिंबू पिळा, प्लॅस्टिकच्या बाटलीत तीन चतुर्थांश भरून फ्रीजरमध्ये ठेवा. पूर्ण गोठला की झाकण काढून बाटली भांड्यावर उलटी टांगा, आणि पहिला एक तृतीयांश भाग ठिबकला की थांबा. जे खाली उतरलं ते दाट, गडद आणि बिनसाखरेचं गोड. वर राहिलेला फिका बर्फ मुलांना द्या. लिंबू सोडू नका, नाहीतर दुसऱ्या घोटालाच नको होतं.